अकरा कामांची वही: मामांच्या जुन्या संगणकावर लिनक्स

विंडोज १०ला सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या मिळायची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. त्यानंतर तीन दिवसांनी, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी चिपळूणजवळच्या गावी मामांकडे पोचलो. चप्पल काढतोय तोवर मामांनी विचारलं, "अरे, तो संगणक आता बंद पडणार म्हणे?"

बंद पडणार नव्हता. पण पडद्यावर सारखी येणारी सूचना वाचून मामांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं आणि तो नव्या संगणकाचं तीस हजारांचं कोटेशन देऊन गेला होता. मामा जिल्हा परिषदेतले निवृत्त कारकून. तो कागद घडी घालून त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवला होता.

यंत्र २०१४ साली सुटे भाग जुळवून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी चढलं तेव्हा माडीवर होतं म्हणून वाचलं. विंडोज ११साठी कंपनीने जी अट घातली आहे, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, ती या यंत्राच्या आवाक्याबाहेरची. ऑक्टोबर २०२६पर्यंत वर्षभराची मुदतवाढ मिळते खरी, पण मामांच्या यंत्रावरचं विंडोज मुळात दुकानदाराने 'टाकून दिलेलं'. परवान्याचा कागद नाही, बिलावर उल्लेख नाही. असे संगणक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

म्हणजे उरले दोन रस्ते: तीस हजार मोजायचे, नाहीतर आहे त्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्ससारखी मुक्त प्रणाली चालवून बघायची.

दुसऱ्या रस्त्यावर मी आधी एकदा आपटलो आहे. कॉलेजात असताना उबुंटू या लिनक्स प्रणालीची सीडी टपालाने फुकट यायची (ती योजना २०११ला बंद झाली). ती हातात पडल्यापासून मला या विषयाचं वेड. २०१२ साली बाबांच्या संगणकावरचं विंडोज मी पूर्ण पुसलं आणि उबुंटू घातलं. पडदा देखणा, व्हायरस नाही, मी खूश. तीन आठवड्यांनी बाबांनी शेजारच्या मुलाला दोनशे रुपये देऊन विंडोज परत घालून घेतलं आणि मला सांगितलंही नाही. कारण काय, तर त्यांच्या प्रिंटरवर एक कागद छापून येईना. ते संगणकावर काय कामं करतात, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

म्हणून या वेळी पेनड्राइव्ह खिशातच ठेवला आणि आधी वही मागितली.

वही

मामा सांगत गेले, मी लिहीत गेलो. ग्रामदेवतेच्या देवस्थानाचा जमाखर्च. मामा खजिनदार आहेत आणि हिशेब एका तयार पॅकेजात ठेवतात. मराठीत पत्रं, अर्ज, इतिवृत्त. जुन्या फायली उघडणं. छपाई. स्कॅन. सातबारा काढणं. वीजबिल भरणं. फोनमधले फोटो उतरवून घेणं. मामींचं कीर्तन, यूट्यूबवरचं. मस्कतला असलेल्या ताईशी रविवारचा व्हिडिओ कॉल. दहा झाली.

"एवढंच?" मी विचारलं.

मामा गप्प. स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "पत्ते लिही. दुपारी दोन ते चार काय करतात, विचार की."

अकरावं काम: सॉलिटेअर.

या अकरांतली किती कामं ब्राउझरमध्ये होतात ते आधी बघितलं. सातबारा, वीजबिल, कीर्तन, व्हिडिओ कॉल. ही चार कुठल्याही प्रणालीवर तशीच चालणार होती, कारण फायरफॉक्स किंवा क्रोमियमला खाली काय आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. फोटो आणि पत्ते यांचीही काळजी नव्हती. खरी परीक्षा पाच कामांची होती: हिशेब, मराठी टंकन, जुन्या फायली, छपाई, स्कॅन. बाबांच्या वेळी मी पडद्याचा रंग निवडण्यात जो वेळ घालवला, तो या पाचांवर घालवला असता तर ते दोनशे रुपये वाचले असते.

झारा

कुठली प्रणाली, हा प्रश्न मी फार ताणला नाही. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स आहे, डेबियन आहे, उबुंटू आहे. बीओएस या जुन्या प्रणालीच्या धर्तीवरची हायकू मी स्वतःच्या हौसेसाठी पेनड्राइव्हवर नेहमी बाळगतो. मामांसाठी लिनक्स मिंट निवडली. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, म्हणजे विंडोज ७ची सवय असलेला हात जिथे जातो तिथेच सगळं सापडतं. पाया उबुंटू २४.०४चा, त्यामुळे दुरुस्त्या २०२९पर्यंत येत राहणार. आणि काही अडलं तर विचारायला माणसं पुष्कळ. जुन्या यंत्रासाठी तिची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घेतली.

फाइल साधारण ३ जीबीची. गावात मामांचा मोबाइल डेटा दिवसाला २ जीबी, म्हणजे ती एका दिवसात उतरलीच नसती. मी पुण्याहून उतरवून, तिची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून आणली होती. ही जुळवणी लोक टाळतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि अर्धवट उतरलेल्या फाइलने रात्र खाल्ली की मग आठवतं.

मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, शेवटी 'आ'कार असलेलं. सध्याची कुठली, असं मामांनी विचारलं. मी म्हणालो, "२२.२, झारा."

मामी तेव्हा चकल्या तळत होत्या. हातातला झारा तसाच धरून बाहेर आल्या. "काय नाव म्हणालास?" त्या दिवसापासून घरात लिनक्स हा शब्द कुणी वापरत नाही.

मामांची शंका वेगळी होती. "फुकट ते पौष्टिक हे ठीक आहे, पण फुकट देतात ते कशाला?" मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन शब्द वेगळे आहेत ही किती सोयीची गोष्ट आहे, हे मला त्यांना समजावताना कळलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो किमतीसाठी नव्हे. प्रोग्रॅम कसा चालतो ते बघता यावं, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा, यासाठी. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपलं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लोकांपुढे ठेवलं आणि दोन्हींची गाठ पडली. आज त्या कर्नलवर काम करणाऱ्या बहुतेकांना मोठ्या कंपन्या पगार देतात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. मिंटचा खर्च देणग्या आणि प्रायोजकांवर निघतो. मामांना यातलं एकच वाक्य पटलं: "तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी हेच आहे." मग म्हणाले, "म्हणजे दहा वर्षं खिशात आहेच की."

पाच दिवस, डिस्कला हात न लावता

पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं, एफ-१२ दाबून त्यावरून चालू करायला सांगितलं. मिंट अशी नुसत्या पेनड्राइव्हवरून चालते, आत काही लिहीत नाही. संथ चालते, हे आधीच सांगून ठेवावं; नाहीतर माणूस तोच तिचा खरा वेग समजतो.

पहिल्या संध्याकाळी इंटरनेटच लागेना. वाय-फायसाठी मामांनी एक स्वस्तातला यूएसबी तुकडा लावला होता, तो मिंटला ओळखू येत नव्हता. अशा वेळी ड्रायव्हर शोधायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. सुटका अगदी साधी आहे: फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. पाच सेकंदांत जोडणी आली. नंतर मी त्या तुकड्याच्या मागे लागलोच नाही. दिवाळीनंतर घरात फायबर आलं आणि राउटरपासून दहा मीटरची केबल भिंतीच्या कडेने माडीवर नेली. ड्रायव्हर घालून ते चाललं असतं का? बहुधा. पण प्रत्येक कर्नल बदलला की पुन्हा घालावं लागणारं काही मला मामांच्या गळ्यात बांधायचं नव्हतं.

मी एक नियम पाळला: माउस मामांच्या हातात. मी खुर्चीमागे. पहिल्या दिवशी ते 'माय कॉम्प्युटर' शोधत राहिले आणि मी जीभ चावत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोटो उतरवले.

छपाईने मला २०१२ची आठवण करून दिली. प्रिंटर काळा-पांढरा लेझर, त्यातही पानाची जुळणी संगणकानेच करून द्यायची अशा जातीचा. म्हणजे कंपनीच्या ड्रायव्हरवाचून मुका. नवे प्रिंटर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात, हा जुना. कंपनीने लिनक्ससाठी कधीतरी ड्रायव्हर दिला होता, तो दोन तासांच्या खटपटीनंतर बसला आणि आमंत्रणाचा एक कागद बाहेर आला. स्कॅनर मात्र शेवटपर्यंत बोलला नाही. मामांनी वहीत स्कॅनसमोर फुली मारली, मामींनी फोनचा कॅमेरा दाखवला. स्कॅन आता फोनवर होतो आणि पूर्वीपेक्षा जास्त होतो.

टाइपरायटरचा हात

खरा मुक्काम मराठीत पडणार हे मला अपेक्षित होतं. तो वेगळ्याच जागी पडला.

मामा मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची परीक्षा पास झालेले. त्यांचा हात टाइपरायटरवर घडला आहे: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अक्षर, कारण कागदावर ती त्याच क्रमाने दिसते. सगळ्या संगणकांवर मिळणाऱ्या इनस्क्रिप्टमध्ये हे उलट, आधी व्यंजन आणि मग वेलांटी, जसं आपण उच्चारतो तसं. विंडोजवर मामा इतकी वर्षं एक जुनं पॅकेज वापरत होते. त्याची किल्ली म्हणजे मागे लावायचा एक डाँगल. डाँगल हरवला की टंकन संपलं. तो त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता.

मी आयबस हे टंकनाचं साधन आणि त्याच्यासोबतचा एम१७एन हा किल्ल्यांच्या नकाशांचा संच घातला, भाषांच्या यादीत मराठी उघडलं आणि बाजूला झालो. मामा एकेक नाव मोठ्याने वाचत होते. इनस्क्रिप्ट. फोनेटिक. गमभन. मिंग्लिश. रेमिंग्टन. टाइपरायटर.

"टाइपरायटर?"

पहिली दहा मिनिटं काही चिन्हं भलत्याच जागी सापडत होती आणि मामा वैतागत होते. मग हात चालला. ताल लागला की त्यांचे ओठ हलतात, तसे हलायला लागले. देवस्थानाच्या सभेचं इतिवृत्त त्यांनी एका बैठकीत लिहिलं. डाँगल देव्हाऱ्यातच राहिला.

हा किल्ल्यांचा नकाशा बनवून कुणीतरी मुक्त संचात ठेवून दिला म्हणून तो तिथे होता. पुण्यातल्या रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या कचेरीत भारतीय भाषांसाठी अनेक वर्षं काम झालं, लोहित हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट तिथल्याच मंडळींनी सांभाळले. 'गमभन' तर मराठीत जालावर लिहिणाऱ्या जुन्या लोकांना माहीतच आहे. बाजारात टाइपरायटरचा हात असलेले मामा आता किती उरले असतील? विकायची वस्तू असती तर हा पर्याय केव्हाच वगळला गेला असता. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. वेगाबिगाचं कौतुक नंतर.

जुन्या फायलींचं दुखणं मात्र तेवढ्यावर बरं होण्यातलं नव्हतं. १९९९पासूनच्या ४१ फायली, सगळ्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक येण्याआधीच्या. अशा फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसतो. रोमन लिपीच्या चौकटीत देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर पडद्यावर परक्या अक्षरांचा चिवडा. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचाने फायली उघडल्या आणि चिवडा दाखवला. मामा माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी त्या भिजवल्या.

दोष लिनक्सचा नव्हता. विंडोजवरही तो फॉन्ट काढला असता तर हेच दिसलं असतं. पण माणसाला जिथे पहिल्यांदा दिसतं तिथलंच ते वाटतं, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. रूपांतर करणारं एक साधन घेऊन मी फायली युनिकोडमध्ये आणायला लागलो. नव्वद टक्के मजकूर नीट आला. उरलेल्यात 'र'ने छळलं. आपला अर्धा 'र' दोन तऱ्हांचा, सूर्यातला आणि वऱ्हाडातला. साधनाला दुसरा ठाऊकच नसावा. ताईच्या लग्नाच्या यादीतले सगळे वऱ्हाडी रफार डोक्यावर घेऊन 'वऱ्हाडी' ऐवजी 'वर्हाडी' होऊन बसले. दऱ्याखोऱ्या, पायऱ्या, पुजाऱ्याचं मानधन, सगळ्यांची तीच गत. शोधा-बदलाने ते एकगठ्ठा सुधारता येत नाही, कारण 'सूर्या'ला हात लागतो. मामा लाल पेन घेऊन बसले. छापलेल्या प्रतीवर खुणा, मग दुरुस्ती. दिवाळीच्या चार दिवसांत १७ फायली झाल्या.

पाडवा आणि नंतरची पहाट

हिशेबाचं पॅकेज फक्त विंडोजचं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या साधनातून ते उघडलं, खाती दिसली, पण मराठी पावती छापायला गेलं की बंद पडायचं. लेखापरीक्षकाला त्याच पॅकेजातले अहवाल हवे असतात. इथे मी हट्ट सोडला. विंडोज ठेवायचं, पण इंटरनेटपासून तोडून, फक्त हिशेबासाठी.

२२ ऑक्टोबरला, पाडव्याच्या दिवशी, मिंट कायमची बसवली. जुन्या डिस्कमध्ये जागा कापण्याऐवजी २४० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावली आणि माझ्याकडचा जुना ४ जीबी रॅमचा तुकडा घातला. एकूण खर्च दोन हजारांच्या आत. बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. बाहेर असलेली डिस्क चुकून पुसली जात नाही. काम झाल्यावर केबल परत. एरवी यंत्र मिंटमध्येच सुरू होतं. हिशेब लिहायचा असला की एफ-१२ दाबून जुनी डिस्क निवडायची. विंडोज कामाला लागायला चार मिनिटं घ्यायचं, मिंट अर्ध्या मिनिटात तयार असते. यातलं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दोन चुका माझ्याकडून राहिल्या.

पहिली दुसऱ्याच दिवशी कळली. मिंटमधून जुन्या डिस्कवरचा फोल्डर उघडत होता, पण त्यात काही साठवता येत नव्हतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं होतं. त्यात यंत्र बंद केल्यासारखं दिसतं, पण विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि डिस्कवर आपली खूण ठेवून जातं. लिनक्स ती बघून सावधगिरीने फक्त वाचू देते. ते बंद केलं, संपलं.

दुसरीचा फोन मी पुण्याला परतल्यावर आला.

कार्तिकात गावात काकड आरती असते. आरती झाली की मामा पेटीतली रक्कम मोजून पहाटे पाच-सव्वापाचला लगेच हिशेबात घेतात. १ नोव्हेंबरच्या पहाटेची पेटी पॅकेजने ३१ ऑक्टोबरला जमा केली होती. महिना बदलला, दोन्ही महिन्यांच्या बेरजा चुकल्या. मामांचा आवाज चढलेला: "अरे, तुझा झारा तारखा बदलतोय!"

मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ लिहिते आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक धरतं. इंटरनेट असतं तर विंडोजने आपली वेळ पुन्हा जुळवून घेतली असती. ते मीच तोडलेलं. त्यामुळे पहाटेचे सव्वापाच विंडोजच्या लेखी आदल्या रात्रीचे पावणेबारा होते. दिवसा मामा हिशेब उघडत नाहीत, म्हणून आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन प्रणाली एकत्र नांदवणाऱ्या प्रत्येकाला हे घड्याळ कधी ना कधी भेटतं, मलाही आधी भेटलेलं. तरी वहीत 'वेळ' ही ओळ नव्हती, कारण तिला काम म्हणायचं कुणाला सुचत नाही.

घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव, असं मिंटला सांगणारी एक आज्ञा असते. मी ती फोनवर अक्षर अक्षर सांगितली आणि मामांनी टंकली. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ हाताने जुळवली, आठ दिवसांच्या नोंदींच्या तारखा सुधारल्या आणि प्रत्येक दुरुस्तीसमोर शेरा लिहिला: 'यंत्राच्या घड्याळातील फरकामुळे'. लेखापरीक्षक त्यावर काय म्हणतील ते मार्चनंतर कळेल.

वहीतल्या अकरांपैकी आज नऊ कामं झाऱ्यावर होतात, हिशेब विंडोजवर, स्कॅन फोनवर. सॉलिटेअरच्या नव्या खेळात पत्ते उलटताना आवाज येत नाही, ही मामांची तक्रार कायम आहे. तीस हजारांचं कोटेशन चष्म्याच्या डबीतून वहीत सरकलंय, फेकलेलं नाही. ४१ फायलींपैकी ३८ झाल्या. उरलेल्या तीनमध्ये मामांच्या आईने सांगितलेल्या ओव्या आहेत. त्या साधनातून काढायच्या नाहीत, मीच बसून टंकणार, असं मामा म्हणाले.